गायकाची पट्टी

मैफल सुरू होण्यापूर्वीं जीं कांहीं मिनिटें जातात, त्यांकडे श्रोत्यांचें सहसा लक्ष नसतें. तंबोऱ्याच्या खुंट्या पिळल्या जात असतात, तबलजी गट्ट्यांवर हातोडी मारीत असतो, पेटीवाला गवयाच्या तोंडाकडे पाहत एक पट्टी दाबून धरतो. गवई किंचित् मान हलवितो आणि पेटीवाल्याचें बोट एक घर खालीं येतें. मंडळी या अवधींत पान लावून घेतात, ओळखीच्यांना रामराम करतात. परंतु पुढील दोन-तीन तासांत गवयाचा आवाज कोठवर पोंचणार, कोठें रंगणार आणि कोठें दमणार, याचा पुष्कळसा निकाल याच वेळीं लागून गेलेला असतो. षड्ज कोठें धरावयाचा हें एकदां ठरलें म्हणजे मग बाकीचे सर्व स्वर त्याच्या मागोमाग आपापल्या जागीं जाऊन बसतात. तो एक घर चुकीच्या बाजूस बसला तर राग तोच, चीज तीच, गवईहि तोच, आणि तरी गाणें मात्र निराळें होतें.

या जागेला मराठींत 'पट्टी' म्हणतात. "बुवांची पट्टी काळी एक", "बाई काळी चारमध्यें गातात", अशी भाषा गाण्याच्या वर्तुळांत सर्रास चालते. हा शब्द मूळचा पेटीचा. पेटीवाल्याच्या बोटाखालची जी लाकडी पट्टी, तीच ही. पांढऱ्या सात आणि काळ्या पांच, अशा बारा पट्ट्यांपैकीं जिच्यावर गवयाचा षड्ज पडेल तिचें नांव त्याच्या आवाजाला चिकटतें. म्हणजे जी गोष्ट गाण्याइतकीच जुनी आहे, तिचें आजचें मराठी नांव मात्र दीडशें वर्षांच्या आंतलें आहे. पेटी येण्यापूर्वीं गवई आपल्या गळ्याला मानवेल तेथें तंबोरा लावीत. त्या जागेला असें मोजून सांगतां येण्याजोगें नांव नव्हतें, आणि नांव नसल्यामुळें तिची बढाईहि मारतां येत नव्हती. नांव मिळाल्यानंतर काय झालें, हा या विषयांतील सर्वांत मनोरंजक, आणि कांहीं अंशीं दुःखदहि, भाग आहे.

प्रथम नांवापूर्वींच्या काळाकडे पाहिलें पाहिजे. तेराव्या शतकांत देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवानें 'संगीतरत्नाकर' रचला. मंद्र, मध्य आणि तार हीं स्वरांचीं तीन स्थानें सांगतांना तो त्यांचीं ठिकाणें मनुष्याच्या शरीरांत दाखवितो. मंद्र हृदयांत, मध्य कंठांत आणि तार मस्तकांत. प्रत्येक स्थान आधीच्याच्या दुप्पट उंच. मनुष्यदेह ही त्याच्या लेखीं एक वीणाच आहे. फरक इतकाच, कीं लाकडाच्या वीणेवर बोट खालीं सरकत गेलें म्हणजे स्वर चढतो आणि देहाच्या वीणेंत तो खालून वर जातांना चढतो. या सर्व विवेचनांत कोठेंहि षड्जाची उंची ठरवून दिलेली नाहीं. षड्ज कोणाचा, तर गाणाराचा. त्याचें माप ज्याच्या त्याच्या छातीवर, गळ्यावर आणि डोक्यावर घ्यावयाचें. युरोपांतील संगीतज्ञांना ही गोष्ट पुष्कळदां अपुरी वाटली आहे. वस्तुतः ती अपुरी नसून हेतुपुरस्सर मोकळी ठेवलेली आहे.

मोकळीक गळ्याला देतां येते, बांसरीला देतां येत नाहीं. तिचीं भोकें एकदां पडलीं कीं पडलीं. म्हणून शार्ङ्गदेवानें बांसऱ्यांचे अनेक प्रकार सांगितले आहेत, आणि त्यांचीं नांवें मोठीं गमतीचीं आहेत. फुंकण्याचें भोक आणि त्याच्या जवळचें स्वराचें भोक यांमधील अंतर एक अंगुळ असेल तर ती बांसरी 'एकवीर'. दोन अंगुळें असेल तर 'उमापति', कारण उमा आणि पति मिळून दोन. तीन असेल तर 'त्रिपुरुष'. पुढें 'चतुर्मुख', 'पंचवक्त्र', 'षण्मुख' अशी ब्रह्मदेवापासून कार्तिकेयापर्यंत देवांची रांगच लागते. बारा अंगुळांची ती 'आदित्य', कारण सूर्य बारा. नांवावरून माप कळावें, अशी ही योजना आहे. आज बांसरीवाला आपल्या झोळींतून वेगवेगळ्या लांबीच्या बांसऱ्या काढतो आणि समोरच्या गवयाच्या पट्टीची नेमकी निवडतो. त्या झोळीचा वंश देवगिरीपर्यंत मागें नेतां येईल.

तंबोऱ्याचें काम या दोहोंच्या मधलें. खुंटी पिळली कीं तार चढते, ढिली केली कीं उतरते, म्हणून तंबोरा कोणत्याहि पट्टींत लागेल अशी सामान्य समजूत आहे. ती थोडीशीच खरी आहे. तारेचा स्वर दुप्पट चढवावयाचा तर ताण चौपट करावा लागतो, आणि तितका ताण सोसण्यापूर्वीं तार बहुधा तुटते. उलट बाजूनें ती फार सैल केली तर नाद पोकळ होतो आणि जवारी बोलत नाहीं. म्हणून पुरुषांचा मर्दानी तंबोरा मोठ्या भोपळ्याचा, लांब दांड्याचा व जाड तारांचा आणि बायकांचा जनानी तंबोरा त्याहून आखूड, बारीक तारांचा, असे दोन घाट रूढ झाले. महाराष्ट्रांत या कामाचें माहेरघर मिरज. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तेथें हा व्यवसाय पिढ्यान् पिढ्या चालत आला असून २०२४ सालीं मिरजेच्या तंबोऱ्याला आणि सतारीला भौगोलिक मानांकनहि मिळालें. गिऱ्हाईक दुकानांत येतांच कारागीर पहिला प्रश्न विचारतो तो पट्टीचा.

तबल्याचेंहि तसेंच. खालच्या पट्टीला मोठ्या तोंडाचा तबला लागतो आणि वरच्या पट्टीला लहान तोंडाचा. सर्वांत बिकट अवस्था सारंगीवाल्याची. मुख्य तारा थोड्या, पण त्यांच्या खालीं तीसपस्तीस तरफा. गवयानें पट्टी बदलली कीं त्या साऱ्या पुन्हां जुळविल्या पाहिजेत. म्हणून एक चढ्या आवाजासाठीं आणि एक ढाल्या आवाजासाठीं, अशा दोन सारंग्या जवळ बाळगणारे सारंगिये असत. एका बाईच्या मागोमाग एका बुवांचें गाणें ठेवणाऱ्या यजमानाला त्यांनीं मनांतल्या मनांत कोणत्या शब्दांनीं गौरविलें असेल, तें सांगावयास नको.

आतां रंगभूमीकडे वळूं. १८८० सालीं ३१ आक्टोबर रोजीं पुण्याच्या आनंदोद्भव नाटकगृहांत अण्णासाहेब किर्लोस्करांचें 'शाकुंतल' उभें राहिलें आणि गाणें दिवाणखान्यांतून थिएटरांत आलें. दिवाणखान्यांत वीस-पंचवीस माणसें. थिएटरांत कित्येक शें. ध्वनिवर्धक यंत्र नाहीं, छपराखालीं पंखे व माणसांची गजबज, आणि सर्वांत स्वस्त तिकिटाचा प्रेक्षक सर्वांत दूर बसलेला. त्याच्यापर्यंत पद पोंचवावयाचें कसें? चढा आणि धारदार आवाज खालच्या आवाजापेक्षां दूर जातो, हा अनुभव देवळांतील कीर्तनकारांना पूर्वींपासून होता. नाटकवाल्यांनीं तोच मार्ग धरला. 'सौभद्रां'तील सुभद्रेच्या भूमिकेंत गाजलेल्या भाऊराव कोल्हटकरांचा गळा स्वभावतःच टिपेचा होता. तो लोकांना इतका भावला कीं नाटकांतलें गाणें म्हणजे टिपेचें गाणें, असें समीकरणच होऊन बसलें. १९०१ सालीं भाऊराव वारले, तेव्हां त्यांच्या जागीं नवा नट शोधतांना मंडळींनीं प्रथम काय पाहिलें असेल, तर त्याचा आवाज किती वर जातो.

याच सुमारास पेटीनें आपलें आसन पक्कें केलें होतें. पॅरिसच्या दबें नांवाच्या कारागिरानें १८४२ सालीं हार्मोनियमचें पेटंट घेतलें होतें. पायांनीं भाता मारावयाची ती युरोपीय पेटी हिंदुस्थानांत आली, आणि कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनीं तिला हातभात्याचें सुटसुटीत रूप देऊन बैठकीवर आणून बसविलें. मराठी नाटकवाल्यांनीं मात्र थिएटराकरितां पायपेटी आणि पुढें ऑर्गन यांचीच कांस धरली, कारण त्यांचा भरीव नाद नाट्यगृह भरून टाकी. पेटी शिकावयास सोपी, तिचे सूर पावसाळ्याखेरीज सहसा बिघडत नाहींत, आणि एका नटामागून दुसरा नट गावयास उभा राहिला तरी तिला पुन्हां जुळवावें लागत नाहीं. सारंगीवाल्याला जें अर्ध्या तासाचें काम, तें पेटीवाला बोट सरकवून करतो. नाटकवाल्यांना ती आवडली यांत नवल नाहीं.

पण या सोयीची एक किंमत होती. पेटीवर बारा समान पायऱ्या. एक पायरी चढली कीं कंपनें सुमारें सहा टक्क्यांनीं वाढतात. दोन पायऱ्यांच्या मध्यें उभें राहावयास जागा नाहीं. तंबोऱ्यावर गाणाऱ्या गवयाचा सुखाचा षड्ज काळी एक आणि पांढरी दोन यांच्या अधेंमधें कोठें तरी असूं शके. सकाळीं गळा जड असला तर तो थोडा खालीं, रात्रीं मोकळा झाला तर थोडा वर. पेटी आल्यावर त्याला एक पायरी निवडणें भाग पडलें, आणि शंभर माणसांच्या देखत निवड करावयाची असतां बहुतेकांनीं वरची पायरी निवडली. मनुष्यस्वभाव पाहतां दुसरें कांहीं होणें कठीण होतें. खालची पट्टी म्हणजे कमीपणा, वरची म्हणजे मर्दुमकी, असें मानण्याची संवय लागली. कोण कितव्या पट्टींत गातो, हें प्रेक्षकांनाहि ठाऊक असे. पैलवानाच्या वजनासारखी गवयाची पट्टी बोलली जाऊं लागली.

या चढाओढींत गळ्यांचें काय झालें याचा हिशेब कोणी ठेवलेला नाहीं. परंतु नाटक कंपन्यांत एक वर्ग असा होता कीं ज्याला हा प्रश्न अक्षरशः पोटापाण्याचा होता. तो म्हणजे लहान मुलांचा. आठ-दहा वर्षांचा गोड गळ्याचा मुलगा कंपनींत येई, स्त्रीभूमिका करी, चढ्या पट्टींत पदें म्हणून टाळ्या घेई. केशवराव भोसले असेच बाळपणीं 'शारदा' झाले होते. मग चौदाव्या-पंधराव्या वर्षीं कंठ फुटे. स्वरयंत्र वाढतें, तारा लांब होतात आणि आवाज जवळजवळ एका सप्तकानें खालीं येतो; यांत मुलाचा दोष कांहीं नाहीं. पण त्याच्या पदांची पट्टी कंपनींत ठरलेली, प्रेक्षकांच्या कानांत बसलेली. पट्टी उतरवावी तर पदाचा तोरा जातो, न उतरवावी तर मुलाचा गळा जातो. ज्यांच्या चालकांनीं समजूतदारपणें वर्ष-दोन वर्षें विश्रांति दिली, त्यांच्यांतून पुढें मोठे गायक निघाले. बाकीच्या मुलांचीं नांवें जाहिरातींतून एकाएकीं नाहींशीं होतात. पुढें तीं कंपनींत कपडेपट सांभाळीत राहिलीं कीं घरीं परत गेलीं, तें इतिहासांत नमूद नाहीं.

सवाई गंधर्व या नांवानें प्रसिद्ध झालेले रामभाऊ कुंदगोळकर यांचाहि आवाज फुटल्यावर अगदीं हट्टी झाला होता. तो ताळ्यावर आणण्यासाठीं त्यांनीं आयुष्यभर मेहनत केली, आणि मैफलींत तो मोकळा होण्यास वेळ लागे ही गोष्ट त्यांचे श्रोते जाणून असत. अल्लादियाखांसाहेबांची कथा तर सर्वश्रुतच आहे. तरुणपणीं दरबारांत अतिरिक्त गावें लागल्यामुळें त्यांचा गळा गेला. पुढें तो आला तो पूर्वींचा नव्हता, आणि त्या नव्या, जाड गळ्याला पेलेल अशी नवी गायकीच त्यांनीं घडविली. सर्वांनाच हें साधत नाहीं.

१९२१ च्या ८ जुलैस मुंबईस टिळक स्वराज्य फंडासाठीं 'संयुक्त मानापमान' झालें. केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. त्या रात्रीच्या आठवणी महाराष्ट्रानें फार जपल्या आहेत. कोणी कोणावर मात केली याच्या गप्पा अजूनहि रंगतात. पट्टीच्या दृष्टीनें पाहतां त्या रात्रीं दोन काळ समोरासमोर उभे होते. केशवरावांचें गाणें टिपेच्या परंपरेंतलें, तलवारीच्या पात्यासारखें. बालगंधर्वांनीं ती परंपरा सोडून आवाजाचें मार्दव, शब्दांचा लाघवी उच्चार आणि लहान लहान हरकतींचें सौंदर्य यांवर भर दिलेला. दूरच्या प्रेक्षकाला जिंकावयाचें तर त्याच्यापर्यंत धांवत जाण्याऐवजीं त्यालाच कान पुढें करावयास लावावें, हें बालगंधर्वांनीं दाखवून दिलें. त्यांच्यानंतर टिपेचा दरारा ओसरूं लागला. मास्टर दीनानाथांनीं चढ्या, चपळ गळ्याचा डौल पुन्हां एकदां दाखविला खरा, पण तो त्यांच्या गळ्याचा स्वभावच होता. ज्यांचा तो स्वभाव नव्हता त्यांनीं त्यांचें अनुकरण केलें नसतें तर बरें झालें असतें.

युरोपांतहि हा चढाओढीचा रोग निराळ्या रूपानें पसरला होता. तेथें गायकाची पट्टी न चढतां सगळ्या वाद्यवृंदाचाच सूर चढत गेला. वाद्यें उंच लावलीं कीं त्यांचा नाद झगझगीत होतो, म्हणून प्रत्येक नाटकगृह शेजारच्यापेक्षां थोडें वर जाऊं पाही. आणि संगीतिकेंतील गाणीं कागदावर लिहिलेल्या स्वरांतच म्हणावयाचीं असल्यामुळें भार पडे तो गायिकांच्या गळ्यावर. अखेर १८५९ सालीं फ्रेंच सरकारनें कायदा करून 'ला' या स्वराचीं कंपनें सेकंदाला ४३५ ठरवून टाकलीं. तो ठरविणाऱ्या समितींत रॉसिनी व बर्लिओझ यांसारखे संगीतकार होते. पुढें १९३९ सालीं लंडनच्या परिषदेनें ४४० हा आंकडा घेतला आणि आज बाजारांत मिळणारी पेटीहि त्याच्याच आसपास लावलेली असते. म्हणजे मिरजेचा गवई काळी एक म्हणतो तेव्हां त्या उंचीच्या पाठीमागें लंडनची परिषद उभी असते. त्याला ती ठाऊक असण्याचें कारण नाहीं.

जुन्या गवयांची खरी पट्टी कोणती होती, हें ठरवावयास लोक हल्लीं जुन्या ध्वनिमुद्रिका लावून पेटीशीं ताडून पाहतात. त्यांत एक मोठी खोंच आहे. हिंदुस्थानांत ध्वनिमुद्रण १९०२ सालीं सुरू झालें. त्या काळच्या तबकड्या मिनिटाला नेमक्या ७८ फेऱ्यांनींच मुद्रित होत असें नाहीं. ७८ ऐवजीं ८० फेऱ्यांनीं तबकडी फिरविली तर आवाज जवळजवळ अर्धी पट्टी चढतो. त्याहून जास्त फरक असेल तर एक-दीड पट्टी सहज इकडची तिकडे होते, गळा बारीक वाटूं लागतो आणि तानांना फुकटची गति येते. तेव्हां तबकडीवरून अमक्याची पट्टी काळी चार होती असें कोणी ठासून सांगूं लागला, तर त्याला प्रथम त्याच्या यंत्राच्या फेऱ्या मोजावयास सांगावें.

१९२५ च्या सुमारास विजेवर चालणारें ध्वनिमुद्रण आलें आणि १९२७ च्या जुलैंत मुंबईचें नभोवाणी केंद्र सुरू झालें. त्यानंतर या सर्व प्रकरणाला अगदीं अनपेक्षित कलाटणी मिळाली. पूर्वीं ध्वनिमुद्रणाच्या कर्ण्यांत तोंड घालून ओरडावें लागे. मायक्रोफोनपुढें कुजबुजलें तरी चालूं लागलें. चढ्या आवाजाची गरज ज्या कारणासाठीं उत्पन्न झाली होती तें कारणच नाहींसें झालें. खर्जांतला, जाड, सावकाश आवाज, जो थिएटराच्या पांचव्या रांगेपलीकडे कधीं पोंचला नसता, तो कोल्हापुरांतल्या आणि नागपुरांतल्या घरांत शेजारीं बसून गाऊं लागला.

नभोवाणीनें आणखीहि एक गोष्ट केली. १ मार्च १९४० पासून तिनें पेटीला आपल्या स्टुडिओंत बंदी केली. या निर्णयाच्या बाजूनें रवींद्रनाथांचें मत होतें आणि तज्ज्ञांचेंहि होतें; मुख्य आक्षेप असा कीं पेटीचे ठाम, तुटक स्वर आपल्या श्रुतींना आणि मींडेला मारक आहेत. श्रुतींचा वाद येथें उकरण्याचें प्रयोजन नाहीं. पण या बंदीचा पट्टीवर झालेला परिणाम क्वचितच कोणी लक्षांत घेतला आहे. साथीला पेटी नाहीं म्हटल्यावर गवयाला आपला षड्ज पुन्हां तंबोऱ्यावर शोधावा लागला, आणि दोन पायऱ्यांमधली ती हरवलेली जागा त्याला पुन्हां उपलब्ध झाली. उलट सारंगीवाल्याचे आणि फिडलवाल्याचे कष्ट परत सुरू झाले, कारण एकाच सकाळीं तीन गायक तीन पट्ट्यांत गात. ही बंदी तीस वर्षें टिकली. १९७१ नंतर ती हळूहळू सैल झाली आणि पेटी आकाशवाणीवर परत आली.

आतां जो प्रश्न उरला तो स्त्रीपुरुषांच्या एकत्र गाण्याचा. जोंवर रंगभूमीवर सुभद्राहि पुरुष आणि अर्जुनहि पुरुष, तोंवर तो झांकलेलाच राहिला. दोघांचे गळे थोडेफार एकाच मापाचे. १९२९ सालीं हिराबाई बडोदेकरांनीं आपली नाटक मंडळी काढली, १९३३ सालीं 'आंधळ्यांची शाळा'मध्यें ज्योत्स्नाबाई भोळे आल्या, आणि स्त्रीचा खरा आवाज रंगभूमीवर ऐकूं येऊं लागला. त्याबरोबर लक्षांत आलें कीं पुरुषाला सुखाची ती पट्टी स्त्रीला फार खालीं आणि स्त्रीला सुखाची ती पुरुषाला फार वर. सामान्यतः पुरुषाचा षड्ज काळी एकच्या आसपास, म्हणजे सेकंदाला सुमारें १३९ कंपनांचा. स्त्रीचा काळी चारच्या आसपास, सुमारें २०८ कंपनांचा. या दोन आंकड्यांचें प्रमाण पाहिलें तर तें जवळजवळ दोनास तीन पडतें. हेंच षड्ज आणि पंचम यांचें प्रमाण. निसर्गानें पुरुषाचा पंचम तोच स्त्रीचा षड्ज करून ठेविला आहे, आणि उलट बाजूनें स्त्रीचा मध्यम तो पुरुषाचा तारषड्ज.

चित्रपटांच्या द्वंद्वगीतांत या योगायोगाचा फारसा उपयोग झाला नाहीं. तेथें दोघांनीं एकाच षड्जावर गावयाचें, म्हणून संगीतदिग्दर्शक मधली एखादी पट्टी घेतो, आणि मग एक तरी जण आपल्या घराबाहेर राहतो. बहुधा पुरुषाला वर खेंचलें जातें. शास्त्रीय संगीतांत मात्र या प्रमाणाचा मोठा सुंदर उपयोग पंडित जसराज यांनीं केला. त्यांच्या 'जसरंगी' नांवाच्या जुगलबंदींत गायक आणि गायिका आपापल्या पट्टींत, आपापला राग गातात. स्वर तेच, पण एकाचा षड्ज दुसऱ्याचा मध्यम किंवा पंचम ठरत असल्यामुळें राग दोन होतात. कोणासहि आपलें घर सोडावें लागत नाहीं. मूर्छनेचें जें तत्त्व प्राचीन ग्रंथांत पानेंच्या पानें भरून सांगितलें आहे, तें अशा रीतीनें दोन गळ्यांच्या अडचणींतून पुन्हां जिवंत झालें.

ठुमरी व भजन गाणाऱ्यांना याच तत्त्वाची एक साधी युक्ति फार पूर्वींपासून ठाऊक आहे. ज्या चिजेचा विस्तार थोडा, ती मध्यमाला षड्ज मानून म्हणावयाची. तंबोऱ्याची पहिली तार मध्यमावर लावली कीं जुना षड्ज आपोआप नव्याचा पंचम होतो, आणि तीन तारा न हलवितां गाणें चार स्वर वर जातें. ख्यालांत जो गळा काळी एकवर गंभीर वाटत होता, तोच मग लाडिक वाटूं लागतो.

पट्टी आणि गायकाचा स्वभाव यांचा संबंध किती खोल आहे, हें गंगूबाई हनगल यांच्या आयुष्यांत दिसतें. त्या धारवाडकडच्या, १९१३ च्या जन्माच्या, सवाई गंधर्वांच्या शिष्या. त्यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिका १९३० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत 'गांधारी' या नांवानें निघाल्या. त्या ऐकल्या तर बारीक, चढा, मुलीचा आवाज कानीं पडतो. पुढें घशाच्या दुखण्यावर इलाज झाला आणि आवाज उतरला. तो इतका उतरला कीं नवख्या माणसास पडद्याआडून पुरुषच गात आहे असा भास व्हावा. गाणाऱ्या स्त्रीला त्या काळीं याहून मोठी आपत्ति कोणती? गोड, चढा गळा हेंच तिचें भांडवल समजलें जाई. त्यांनीं जुनी पट्टी परत मिळविण्याचा हट्ट धरला नाहीं. षड्ज खालीं घेतला, तंबोरा मोठा घेतला, आणि त्या जड आवाजाला शोभेल अशी संथ, रुंद आलापी मांडली. पुढें अर्ध्या शतकाहून अधिक काळ महाराष्ट्र आणि कर्नाटक तो आवाज ऐकत राहिले. आज गंगूबाई म्हटल्यावर जो आवाज आठवतो, तो हा दुसरा.

हल्लीं बाजारांत 'स्केल-चेंजर' पेटी मिळते. तिच्यांत पट्ट्यांचा सारा पाट सुरांवरून सरकवितां येतो, त्यामुळें वादकाचीं बोटें ओळखीच्या जागीं राहतात आणि स्वर मात्र गवयाला हवा तेथें जातो. विजेचा तंबोरा तर चक्री फिरवितांच वाटेल तेथें लागतो, दोन पट्ट्यांच्या मधोमधहि. शार्ङ्गदेवाला एकवीरापासून आदित्यापर्यंत ज्या बांसऱ्या लागल्या, त्यांचें काम एक लहानशी डबी करते. इतकी सोय झाल्यावरहि शाळेंतील सकाळची प्रार्थना बहुतेक ठिकाणीं एकाच पट्टींत होते, आणि ती पट्टी असते पेटी वाजविणाऱ्या बाईंच्या किंवा गुरुजींच्या बोटांच्या सोयीची. पांचवी-सहावीचीं मुलें-मुली ती मोकळ्या गळ्यानें म्हणतात. नववी-दहावीचे मुलगे, ज्यांचा कंठ नुकताच फुटला आहे, ते पहिल्या ओळीला वर जाण्याचा प्रयत्न करतात, दुसऱ्या ओळीला एक सप्तक खालीं उतरतात, आणि तिसऱ्या ओळीपासून नुसते ओठ हलवीत उभे राहतात.